ज्यूल व्हर्न वाचायचा आहे, पण कुठली प्रत घ्यायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाव ज्यूल की ज्युल्स?

फ्रेंचमध्ये शेवटचा ‘स’ उच्चारत नाहीत, म्हणून ज्यूल व्हर्न. ग्रंथालयाच्या यादीत किंवा ऑनलाइन दुकानात शोधताना मात्र ज्युल्स, व्हर्न, वर्न, व्हेर्न असं सगळं टाकून बघा. एकाच लेखकाची पुस्तकं तीन-तीन नावांखाली पडलेली असतात.

त्याने ही पुस्तकं मुलांसाठीच लिहिली होती का?

निम्मं हो, निम्मं नाही. व्हर्न (१८२८–१९०५) नांत शहरात जन्मला आणि आमियाँमध्ये वारला. त्याची पहिली कादंबरी, फुग्यातून आफ्रिका ओलांडणाऱ्या तिघांची, १८६३ च्या जानेवारीत पॅरिसच्या पिएर-ज्यूल हेत्झेल या प्रकाशकाने काढली. पुढच्याच वर्षी हेत्झेलने घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावं असं एक पाक्षिक सुरू केलं. शिक्षण आणि करमणूक दोन्ही साधायची, हे त्याच्या नावातच होतं. व्हर्नच्या बऱ्याच कादंबऱ्या आधी या पाक्षिकात क्रमशः आल्या आणि मग पुस्तकरूपाने निघाल्या. त्यामुळे मुलं वाचणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण शेजारी त्यांचे आईवडीलही वाचणार हेही ठाऊक होतं. ‘८० दिवसांत जगप्रदक्षिणा’ तर १८७२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ‘ल ताँ’ या मोठ्यांच्या दैनिकात आली होती.

‘व्हर्न म्हणजे पोरांचा लेखक’ हा शिक्का पुढे घट्ट बसला, तो प्रामुख्याने इंग्रजी वाचणाऱ्या जगात. त्यामागे भाषांतरांचा मोठा हात आहे. तो विषय खाली सविस्तर येईल.

पुस्तकं किती आहेत? सुरुवात कुठून करावी?

हयातीत निघालेल्या मालिकेत ५४ कादंबऱ्या आहेत. सगळ्या वाचायची मुळीच गरज नाही. (या पानावर कादंबऱ्यांची नावं अर्थाप्रमाणे दिली आहेत, मराठी आवृत्त्यांवर ती वेगळी असतील.)

दहा-अकरा वर्षांच्या मुलाने पूर्ण आवृत्ती वाचायची असेल, तर ‘८० दिवसांत जगप्रदक्षिणा’ पहिली. प्रकरणं ३७, प्रत्येक छोटं, आणि घड्याळाची टिकटिक सतत चालू. रोज रात्री एक प्रकरण मोठ्याने वाचलं तर सव्वा महिन्यात पुस्तक संपतं. दुसरी ‘पृथ्वीच्या पोटात प्रवास’. हिची सुरुवात थोडी रेंगाळते, कारण हॅम्बुर्गमधली गुप्तलिपी सोडवून आइसलँडच्या स्नायफेल्स ज्वालामुखीच्या विवरात उतरेपर्यंत बराच मजकूर जातो. वाचणारं मूल इथेच पुस्तक खाली ठेवतं. तेवढा भाग मोठ्यांनी वाचून दाखवावा. एकदा विवरात उतरलं की ढकलावं लागत नाही.

बारा-तेराच्या पुढे ‘रहस्यमय बेट’ आणि ‘दोन वर्षांची सुट्टी’. दुसरी १८८८ ची. ऑकलंडहून सुटलेल्या जहाजावर एकही मोठा माणूस नाही, आणि पंधरा मुलं निर्जन बेटावर लागतात. भांडणं, गटबाजी, पुढारी कोण यावरून मतदान, सगळं त्यात आहे. शाळेतल्या मुलांना ही फार जवळची वाटते, आणि तरी हिचं नाव कुणी सुचवत नाही.

‘समुद्राखाली वीस हजार लीग’ सगळ्यात प्रसिद्ध म्हणून पहिली हातात दिली जाते आणि चौथ्या-पाचव्या प्रकरणात सुटते. माशांच्या जातींच्या याद्या पानंच्या पानं चालतात. त्या बेधडक गाळा, कथानकाचं काही बिघडत नाही. तेरा-चौदाव्या वर्षी ही चांगली लागते.

संक्षिप्त आवृत्ती दिली तर चालेल का?

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला खुशाल द्या. पण संक्षेप कुणी केला हे नाव छापलेलं असलं पाहिजे आणि ‘संक्षिप्त’ हा शब्द मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर हवा. खरी अडचण न सांगता कापलेल्या पुस्तकांची आहे. मूल ते वाचतं, ‘व्हर्न वाचला’ म्हणून मोकळं होतं आणि पूर्ण पुस्तकाकडे पुन्हा वळत नाही.

माझ्याकडची इंग्रजी प्रत पूर्ण आहे की कापलेली, हे कसं ओळखू?

भाषांतरकाराचं नाव बघा. नावच नसेल तर बहुतेक वेळा ते एकोणिसाव्या शतकातलं, हक्क संपलेलं भाषांतर नव्या चकचकीत मुखपृष्ठात घातलेलं असतं. त्यानंतर पुढच्या खुणा तपासा. दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत होतं.

‘पृथ्वीच्या पोटात’: प्रोफेसरचं नाव लिडेनब्रोक आहे का? मूळ पुस्तक २४ मे १८६३, रविवार, या तारखेने सुरू होतं आणि पुतण्याचं नाव अॅक्सेल. तुमच्या प्रतीत प्रोफेसर हार्डविग आणि पुतण्या हॅरी असेल, तर ती १८७१ ची लंडनची आवृत्ती. तीत नावं बदललीच, शिवाय मजकूरही मनाप्रमाणे बदलला आहे. ती खाली ठेवा.

‘रहस्यमय बेट’: इंजिनिअरचं आडनाव स्मिथ हवं. हार्डिंग असेल तर ते १८७५ चं, किंग्स्टन यांच्या नावावरचं, काटछाट केलेलं भाषांतर.

‘समुद्राखाली वीस हजार लीग’: पहिल्या भागाचं दुसरं प्रकरण उघडा. कथा सांगणारा प्रोफेसर आरोनाक्स नेब्रास्काहून परतलेला असतो. मूळ फ्रेंचमध्ये तिथल्या ‘बॅडलँड्स’ या ओसाड, झिजलेल्या प्रदेशाचा उल्लेख आहे. प्रतीत नेब्रास्का हा ‘न आवडण्याजोगा’ प्रांत झाला असेल, तर हातात लुईस मर्सिए या पाद्र्याचं १८७० च्या दशकातलं भाषांतर आहे. त्याने सुमारे पाचवा हिस्सा कापला, त्यातही विज्ञानाचा आणि राजकारणाचा भाग जास्त. पाणबुड्याच्या पोशाखाचं त्याने बुचाचं जाकीट केलं. बुचाचं जाकीट घालून माणूस समुद्राच्या तळाशी चालतो, हे भाषांतर करताना त्याला खटकलं नसावं.

सगळ्यात बोलका नमुना नॉटिलस या पाणबुडीच्या पोलादाचा. तिचा कप्तान नेमो सांगतो की पोलादाची घनता पाण्याच्या ‘सात, आठ दशांश’ पट आहे, म्हणजे ७.८ पट. बरोबर आकडा आहे. भाषांतरात तो ‘०.७ ते ०.८’ झाला. म्हणजे पोलाद पाण्यावर तरंगणारं! पुढे कित्येक वर्षं इंग्रजी समीक्षक व्हर्नला भौतिकशास्त्र येत नाही म्हणून हसत राहिले. १९६० च्या दशकात वॉल्टर जेम्स मिलर या अमेरिकन अभ्यासकाने मूळ फ्रेंच शेजारी ठेवून हे प्रकरण उघडं केलं.

प्रकरणं मोजणं ही दुसरी चाचणी. पूर्ण ‘पृथ्वीच्या पोटात’ची ४५, ‘वीस हजार लीग’ची २४ आणि २३ मिळून ४७, ‘रहस्यमय बेटा’ची तीन भागांत २२, २०, २० अशी ६२. पण आकडा जुळला म्हणजे मजकूर पूर्ण, असं समजू नका. मर्सिएने प्रकरणं ठेवून आतला मजकूर काढला आहे.

फुकट वाचायचं तर कुठलं घेऊ?

प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर ‘वीस हजार लीग’ दोन रूपांत आहे. १६४ क्रमांकाची मर्सिएची, ती टाळा. २४८८ क्रमांकाची फ्रेडरिक पॉल वॉल्टर यांची, पूर्ण आणि आजच्या इंग्रजीतली. शोधात जुनी आधी येते, म्हणून क्रमांक लक्षात ठेवा. ‘८० दिवस’साठी १०३ क्रमांकाचं टाउल यांचं १८७३ चं भाषांतर बरंच प्रामाणिक आहे. ‘पृथ्वीच्या पोटात’ ३७४८ क्रमांकाचं, मॅलेसन यांचं घ्या. १८८५७ म्हणजे वरची हार्डविगवाली. ‘रहस्यमय बेट’ विकत घ्यायचं असेल तर जॉर्डन स्टंप किंवा सिडनी क्रॅविट्झ यांचं. दोन्ही २००१ ची.

मराठीत काय मिळतं?

व्हर्न मराठी मुलांपर्यंत पोहोचवला तो भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१), फास्टर फेणेच्या जनकाने. ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही त्यांची नावंच बघा. शब्दाला शब्द न ठेवता मराठी मुलाच्या कानाला रुचेल अशी भाषा ते वापरतात. आजही मोठ्याने वाचायला याहून चांगलं काही सुचवता येणार नाही. काही पुस्तकं दुकानात नसतात; जुन्या सार्वजनिक वाचनालयांच्या बालविभागात चौकशी करा आणि लेखकाच्या नावाऐवजी भाषांतरकाराच्या नावाने शोधा. कपाटात ती बहुधा ‘भागवत’खालीच लागलेली असतात.

कोणत्याही मराठी आवृत्तीत एक तपासून घ्यावं: ती फ्रेंचवरून आहे की इंग्रजीवरून? इंग्रजीवरून असेल तर कोणत्या? इंजिनिअर हार्डिंग मराठीतही हार्डिंगच राहिला असेल, तर किंग्स्टनची काटछाटही सोबत आली, असं धरून चालायला हरकत नाही.

कॅप्टन नेमो भारतीय होता, हे खरं का?

खरं. पण ‘वीस हजार लीग’मध्ये (१८६९–७०) ते कळतच नाही. व्हर्नच्या मनात आधी नेमो हा पोलिश सरदार होता, रशियनांनी ज्याचं कुटुंब मारलं असा. रशियात पुस्तकं खपत होती, म्हणून हेत्झेलने हरकत घेतली आणि नेमोचं मूळ गुलदस्त्यात राहिलं. १८७४–७५ मध्ये आलेल्या ‘रहस्यमय बेटा’च्या शेवटी ते उलगडतं. नेमो म्हणजे राजपुत्र डक्कार, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा आणि टिपू सुलतानाच्या घराण्यातला. युरोपात शिकलेला, १८५७ च्या उठावात लढलेला आणि त्यात बायकामुलं गमावलेला. (रहस्य फुटू नये असं वाटत असेल तर मुलांना हे उत्तर वाचून दाखवू नका.)

आता भाषांतराने काय केलं ते बघा. मूळ फ्रेंचमध्ये व्हर्न सरळ लिहितो की १८५७ चा उठाव झाला आणि राजपुत्र डक्कार त्याचा प्राण होता. किंग्स्टनच्या इंग्रजीत त्या जागी वेगळाच परिच्छेद आहे: इंग्रजांनी देशात शांतता आणि समृद्धी आणली होती, अज्ञानी आणि अंधश्रद्ध लोकांना महत्त्वाकांक्षी राजांनी चिथावलं, वगैरे. व्हर्नने हे लिहिलेलंच नाही. भारतातल्या कित्येक पिढ्यांनी मात्र ते व्हर्नचं म्हणून वाचलं, कारण आपल्याकडे येणाऱ्या स्वस्त प्रतींत हेच भाषांतर असायचं. हातातली प्रत कोणती ते या एका पानावरून कळतं: तिसऱ्या भागाचं सोळावं प्रकरण.

दोन्ही कादंबऱ्यांतल्या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत. मुलं हे पकडतात आणि विचारतात. चूक व्हर्नचीच आहे, आपल्या वाचण्यातली नाही.

वीस हजार लीग म्हणजे खोली?

नाही, अंतर. इथे लीग चार किलोमीटरचा, म्हणजे ८०,००० किलोमीटरचा प्रवास, पृथ्वीच्या दोन प्रदक्षिणांइतका. एवढी खोली मोजायला गेलात तर पृथ्वीच्या आरपार जाऊन पलीकडे बाहेर पडाल.

फिलिआस फॉगचे ८० दिवस कसे भरतात? तो फुग्यातून जातो ना?

फुगा १९५६ च्या चित्रपटाने घातला, पुस्तकात नाही. पुस्तकातला हिशेब असा: लंडन ते सुएझ ७ दिवस, सुएझ ते मुंबई १३, मुंबई ते कलकत्ता ३, कलकत्ता ते हाँगकाँग १३, हाँगकाँग ते योकोहामा ६, योकोहामा ते सॅन फ्रान्सिस्को २२, तिथून न्यूयॉर्क ७, न्यूयॉर्क ते लंडन ९. बेरीज करा, ८० येतात. भिंतीवर जगाचा नकाशा लावून प्रत्येक टप्प्याला टाचणी आणि तारीख लावली तर मुलं पुस्तक सोडत नाहीत. सुरुवात २ ऑक्टोबर १८७२, रात्री पावणेनऊ. वार लिहायला विसरू नका, शेवट कळायला तो लागतो.

मराठी वाचकाने मुंबईची प्रकरणं सावकाश वाचावीत. फॉग २० ऑक्टोबरला मुंबईत उतरतो, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी. त्याचा नोकर पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो, मार खातो आणि अनवाणी स्टेशन गाठतो. मग जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेने कल्याण, घाट, नाशिक, खानदेश. बऱ्हाणपूरला गाडी थांबते तेव्हा तो खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेतो. व्हर्न भारतात कधीच आला नव्हता. ही सगळी माहिती त्याने प्रवासवर्णनं आणि नकाशे वाचून गोळा केली.

पुढे अलाहाबादच्या अलीकडे रूळच संपतात आणि फॉगला दोन हजार पौंडांना हत्ती घ्यावा लागतो. हे मात्र रचलेलं. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरमार्गे १८७० मध्येच जोडला गेला होता. पण रूळ पूर्ण असते तर हत्ती नसता, आणि सती जाण्यापासून आऊदा या तरुण विधवेची सुटकाही नसती.

भारतावर आणखी काही लिहिलंय का?

‘वाफेचं घर’, १८८०. वाफेवर चालणारा पोलादी हत्ती चाकांवरची दोन घरं ओढत उत्तर भारतभर फिरतो. कल्पना भन्नाट आहे आणि नांतमधला आजचा बारा मीटर उंच यांत्रिक हत्ती बघताना ती हटकून आठवते. पण मुलाच्या हातात देण्याआधी स्वतः वाचा. कादंबरी सुरू होते औरंगाबादेत, नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस जाहीर करणाऱ्या पत्रकाने. एक प्रकरण वेरूळच्या लेण्यांत घडतं, आणि नानासाहेब पूर्णपणे खलनायक आहेत. नेमोला उठावाचा प्राण म्हणणारा लेखक पाच-सहा वर्षांनी हे कसं लिहितो? मुख्य पात्रं इंग्रज आहेत आणि कानपूरच्या हत्याकांडाची कथा त्यांच्या नजरेने येते, हे एक कारण. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांशी चर्चा करायला ‘रहस्यमय बेट’ आणि ही, अशी जोडी उत्तम. एकटी ही नको.

बाकीच्या पुस्तकांतही आफ्रिकी, चिनी, ज्यू पात्रांबद्दलचे त्या काळचे पूर्वग्रह भेटतात. गुपचूप गाळू नका, थांबून बोला. गुलामगिरीविरुद्ध हाच लेखक ‘पंधरा वर्षांचा कप्तान’मध्ये किती कडक लिहितो, तेही दाखवा.

त्याचं विज्ञान कितपत खरं?

चंद्रावरच्या दोन कादंबऱ्या (१८६५, १८७०) घ्या. फ्लोरिडातून उड्डाण, तीन माणसं, शेवटी पॅसिफिकमध्ये पडणं, हे सगळं अपोलोची आठवण करून देणारं. सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर, हा वेगही बरोबर. चुकतं ते तोफेत. ९०० फुटांच्या नळीत शून्यापासून तो वेग गाठायचा, तर त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या निदान २२ हजार पट होतं. व्हर्नने धक्का शोषायला गोळ्यात पाणी आणि पडद्या बसवल्या, पण त्या उपयोगाच्या नाहीत. माणसं क्षणात चिरडतील. अकरावीच्या विद्यार्थ्याला हे गणित एका ओळीत सुटतं: वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर. करून बघायला सांगा.

फ्रेंच शिकतोय. मूळ पुस्तक कधी वाचता येईल?

बी-१ पातळी पूर्ण झाल्यावर ‘८० दिवस’ घ्या. अडतं ते शब्दांपाशी कमी आणि क्रियापदांपाशी जास्त, कारण कथेचा भूतकाळ हा बोलण्यात न येणारा, फक्त लिहिण्यातला काळ आहे आणि वर्गात तो उशिरा शिकवतात. सगळी रूपं पाठ करत बसू नका. तृतीयपुरुषी एकवचनाची दहा-बारा रूपं, म्हणजे होणे, असणे, करणे, पाहणे, येणे, घेणे, म्हणणे यांची, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. निम्मं पान त्यांनीच भरलेलं असतं. ‘फ्यू’ म्हणजे होता, ‘फी’ म्हणजे केलं, ‘व्ही’ म्हणजे पाहिलं. पहिली तीन प्रकरणं शेजारी चांगलं इंग्रजी भाषांतर ठेवून वाचा, मग ते बंद करा. मुळात संवाद भरपूर आणि वाक्यं छोटी आहेत.

शाळेत नाटक बसवायचं आहे. परवानगी लागते का?

व्हर्न १९०५ मध्ये वारला, त्यामुळे त्याच्या हयातीतल्या पुस्तकांवर भारतात हक्क उरलेला नाही. फ्रेंचवरून किंवा हक्क संपलेल्या इंग्रजी भाषांतरावरून तुम्ही स्वतः नाटक लिहू शकता, छापूही शकता. भाषांतराचा हक्क मात्र वेगळा असतो आणि तो भाषांतरकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. भागवतांची मराठी पुस्तकं म्हणूनच २०६१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. त्यांचे संवाद उचलायचे असतील तर प्रकाशकाला आधी पत्र लिहा.

व्हर्नच्या मृत्यूनंतर निघालेल्या कादंबऱ्यांत गुंता आहे. त्यांत त्याचा मुलगा मिशेल याने बरेच बदल केले, आणि व्हर्नचं मूळ हस्तलिखित कित्येक दशकांनी वेगळं छापलं गेलं. ‘विसाव्या शतकातलं पॅरिस’ तर हेत्झेलने नाकारलं होतं, ते १९९४ मध्ये बाहेर आलं. अशा आवृत्त्यांचे हक्क प्रत्येकीचे वेगळे तपासावे लागतात. नाटकासाठी ‘८० दिवस’ घेतलंत तर ही कटकटच नाही, फक्त हत्तीचं काय ते ठरवा.